फलकाचा उजवा कोपरा

'परदेशीपुऱ्याच्या नाक्यावरचा सुप्रसिद्ध वार्ताफलक वामनगुरुजींनी अनेक वर्षे अखंडपणे स्वहस्ते लिहिला. त्यांचे सुवाच्य अक्षर, आणि मोजक्या शब्दांत बातमी सांगण्याची त्यांची शैली, हा आपल्या समाजाचा अमोल ठेवा होय. रोज पहाटे खडू हाती घेऊन फलकापाशी उभे असलेले गुरुजी ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, असे नऊ वयोवृद्ध साक्षीदार आजही आपल्यात आहेत.'

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरातल्या मराठी इतिहास मंडळाच्या त्रैमासिकाच्या ताज्या अंकात हा मजकूर आला आहे. शेजारी एक जुने छायाचित्र आहे: धोतर, बंद गळ्याचा कोट, हातात खडू, मागे भिंतीवर फलक. चष्मा पुसून मी ते पान दोनदा वाचले. गुरुजींनी फलक चालवला, हे खरे. नऊ जणांनी त्यांना खडू घेऊन उभे पाहिले, हेही खरे. मला विचारले असते तर दहावा मी झालो असतो. पण फलक गुरुजींनी लिहिला, हे असत्य आहे. ते पितळी पाटीवर कोरून येत्या रविवारी राजेंद्र नगरातल्या मंडळाच्या दालनात बसवले जाणार आहे. त्याआधी फलकाला नवा काळाभोर रंग देण्याचेही ठरले आहे.

फलक माझ्या थोरल्या बहिणीने लिहिला. तिचे नाव वत्सला. आम्ही तिला अक्का म्हणतो. ती आज पंच्याऐंशीची आहे, माझ्याच घरी राहते, आणि रविवारच्या समारंभाचे तिला स्वतंत्र निमंत्रण आले आहे. त्यावर छापले आहे: 'श्रीमती वत्सलाबाई, फलकाच्या जुन्या वाचक.'

वाचक!

मी ते निमंत्रण टेबलावर आपटले तेव्हा अक्का खडे निवडत असल्यासारखी पोह्यांवरची शेव बाजूला काढत होती. दातांना सोसत नाही. ती म्हणाली, "छोड ना रे. वाचत पण होतेच की मी."

गुरुवारी सकाळी मी तिला घेऊन मंडळाच्या दालनात गेलो. फलक भिंतीला टेकवून ठेवला होता. मी त्याच्यापासून चार हातांवर थांबलो, आणि तेवढ्यात तो वास आला. लाकडाचा, जुन्या काजळीचा, आणि त्याखाली कुठेतरी खोल, ओल्या खडूचा. आता त्यात ओल उरलेली असणे शक्य नाही, हे मला कळते. तरीही तो आला.

आमच्या मिलच्या लाइनीत, म्हणजे कामगारांच्या घरांच्या रांगेत, पहाट वासांनी व्हायची. आधी कोळशाच्या शेगडीचा धूर, मग सुताला चढवायच्या खळीचा आंबूस दरवळ, मग नाक्यावरच्या कढईतल्या पोह्यांवर पडणारा जिरावनाचा मसाला. पहिला भोंगा झाला की रात्रपाळीची माणसे परत येऊ लागत. त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, मिशांवर कापसाचे तंतू बसलेले असत. तरुण पोरेही त्या एका वेळेपुरती म्हातारी दिसत. तीच माणसे घरी जाण्याआधी नाक्यावर फलकापुढे थांबत आणि ज्यांना वाचता येई ती मोठ्याने वाचत. ज्यांना येत नसे ती अधिक लक्ष देऊन ऐकत.

'तिसऱ्या लाइनीत सखूबाईंना मुलगी. दोघी छान.'

'उद्या नळ नाही. आज भरून ठेवा.'

'पांढरी शेळी, एक कान कापलेला, सापडली. ओळख पटवून न्या. दूध मिळणार नाही, पोरांनी पिऊन टाकले.'

मंडळाने जिचे 'गुरुजींची मोजक्या शब्दांची शैली' म्हणून कौतुक केले आहे, ती ही शैली. माझा या नऊ साक्षीदारांना एक सवाल आहे. वामनगुरुजींनी तुमच्यापैकी कुणाशी आयुष्यात एक तरी वाक्य मोजक्या शब्दांत बोलल्याचे आठवते का? गुरुजी मिलच्या शाळेत शिकवत आणि आमच्या लाइनीच्या टोकाच्या खोलीत एकटे राहत. त्यांना ना बायको, ना मूल, ना मागे पुढे कुणी. पाणी मागायचे तरी ते तहानेची कारणमीमांसा करीत. सखूबाईंच्या मुलीची बातमी त्यांनी चिठ्ठीवर अशी लिहून आणली होती: 'परमेश्वराच्या असीम कृपाप्रसादाने कन्यारत्नाची प्राप्ती झाली असून माता व बालिका उभयतां सुखरूप आहेत.'

आमच्या अंगणातल्या हौदाला टेकवलेल्या फलकापुढे उकिडवी बसलेली अक्का ती चिठ्ठी वाचून मान वर न करता म्हणाली होती, "गुरुजी, एवढ्यात तर ती पोर चालायला लागेल."

"अगं, पण भाषेची काही मर्यादा असते."

"फळ्याची पण असते. मी लिहिते, 'मुलगी. दोघी छान.'"

"छान? छान हा काय शब्द झाला?"

"सखूबाईला विचारा. ती दुसरं काय म्हणेल?"

गुरुजी हौदाच्या कडेवर बसून हसत. हसताना ते आवाज करीत नसत. फक्त त्यांच्या कोटाची वरची गुंडी हलत असे.

फलक संध्याकाळी भिंतीवरून उतरून आमच्या अंगणात येई आणि पहाटे परत जाई. एकोणीस वर्षांच्या मुलीने भर नाक्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाठ करून उभे राहून लिहावे, हे त्या काळी कुणाच्या स्वप्नातही नव्हते. आमच्या वडिलांच्या तर नव्हतेच. अंगणात काय लिहिले जाते, ते कोण लिहिते, याची चौकशी कुणी केली नाही. फलक हौदाला तिरका टेकलेला आणि अक्का जमिनीवर बसलेली, त्यामुळे तिची प्रत्येक ओळ उजवीकडे जाता जाता वर चढे. शेवटचा शब्द पहिल्याहून बोटभर उंच. ज्याला शंका असेल त्याने त्रैमासिकातले छायाचित्र पुन्हा पाहावे. गुरुजी शेजारी ताठ उभे आहेत, आणि त्यांच्या मागे ओळी चढावर निघाल्या आहेत. उभ्या माणसाच्या ओळी अशा चढत नाहीत.

मग नऊ जणांनी पाहिले ते काय? तेही सांगतो. पहाटे गुरुजी आणि मी फलक नाक्यावर नेत असू. तो भिंतीवरच्या आकड्यांना अडकवला की गुरुजी खिशातून खडू काढीत आणि सर्वांच्या देखत डाव्या बाजूला वर तिथी घालत. ती जागा अक्का रोज मोकळी ठेवायची. 'बातमी ताजी आहे हे लोकांना दिसलं पाहिजे,' असे गुरुजी म्हणत. तिथी घालून ते मागे सरत, हात झटकत, खडूची धूळ कोटावर उडे. रोज, वर्षानुवर्षे, सगळ्या परदेशीपुऱ्याने तेवढेच पाहिले. नऊ साक्षीदार खोटे बोलत नाहीत. त्यांनी तिथी पाहिली आणि फलक गृहीत धरला.

आता कोपऱ्याविषयी. खालचा उजवा कोपरा मृत्यूसाठी राखीव होता. त्याच्याभोवती चौकट नव्हती, पण तिथे कधी दुसरी बातमी लिहिली गेली नाही. शेळीची नाही, नळाची नाही. कोपरा रिकामा असला की बायका पाण्याला जाताना त्याकडे पाहून मान हलवत आणि पुढे जात. तिथे लिहायला अक्का वेगळा खडू वापरी. साखरेच्या पाण्यात रात्रभर भिजवलेला. असा खडू लिहिताना गडद उमटतो आणि वाळला की हाताने, बाहीने, वाऱ्याने जात नाही. फक्त ओल्या फडक्याने जातो. बाकीचा फलक रोज पुसायचा, पण कोपरा तेरा दिवस टिकायला हवा, म्हणून ही युक्ती. खडू भिजवण्याचे काम माझे. वाटीतले उरलेले पाणी पिण्याचे कामही मीच स्वतःकडे घेतले होते.

त्या साखरेला मुंग्या येत. फलकाच्या लाकडी चौकटीवरून त्यांची बारीक रांग कोपऱ्याकडे निघालेली दिसली की आम्हा पोरांना वाचण्याआधी कळे, कुणीतरी गेले. आजही स्वयंपाकघराच्या ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली तर ती कुठे निघाली आहे ते मी आधी पाहतो.

कोपऱ्यात चार ओळी असत. कोण, केव्हा, कुठल्या लाइनीत, आणि शेवटी 'घरचे' असे लिहून त्यापुढे एक नाव. ज्याला भेटायला जायचे, ज्याच्या दारात बसायचे, त्याचे नाव. तेराव्या दिवशी तोच माणूस सकाळी अंघोळ करून नाक्यावर येई आणि ओल्या फडक्याने स्वतः कोपरा पुसे. दुसऱ्या कुणी पुसायचा नाही, असा रिवाज होता. भोंगा झालेला असला तरी पाळीवर निघालेली माणसे तेवढा वेळ सायकलवरून उतरून उभी राहत. रंगखात्यातला एक आडदांड माणूस, ज्याला आम्ही घाबरत असू, तो आईचे नाव पुसताना मध्येच थांबला आणि फडके पिळून पुन्हा पुसू लागला, ते मला दिसते. त्याच्या नखांत निळा रंग होता. फडक्यातून पाणी गळताना पिळण्याचा तो आवाज, आणि मग सायकलींच्या साखळ्या पुन्हा एकदम सुरू झाल्याचा. असे शांत नाके आता शहरात उरलेले नाहीत.

हे सगळे मी गुरुवारी दालनात उभे राहून सांगितले. ऐकायला दोघे होते. एक मंडळाचा अध्यक्ष बंडू, माझा शाळेतला सोबती. दुसरी चिटणीस मृणाल. सांगलीची मुलगी, शहराबाहेर सिमरोलच्या बाजूला नोकरी करते, आणि त्रैमासिकातला तो लेख तिचाच.

बंडू म्हणाला, "भिया, तू भी ना! नऊ बुजुर्ग बोलताहेत एक गोष्ट, अन् तू एकटा दुसरी. फोटो आहे, फोटोत गुरुजी आहेत, हातात खडू आहे. और क्या चाहिए?"

"बंडू, तुझा वर्गात फळ्यापाशी खडू घेऊन काढलेला फोटो माझ्याकडे आहे. त्यावरून तू गणित सोडवलंस असं मी छापू का?"

मृणालला हसू आले. तिने ते आवरले. "काका, माझा हेतू वाईट नव्हता. पण डॉक्युमेंटेशन म्हटलं की सोर्स लागतो. मला जे सांगितलं गेलं ते मी लिहिलं. तुमच्याकडे काही लेखी असेल तर सांगा ना. शनिवारी कमिटीची मीटिंग आहे. पाटी अजून लागलेली नाही."

"लेखी आहे," मी म्हणालो. "तुमच्यापाशीच आहे. ते कार्ड उचला."

फलकाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर मंडळाने वारसावस्तूची माहिती देणारे जाड कार्ड लावले होते, वरच्या कडेला चिकटपट्टी, खाली सुटे. मृणाल जरा ओशाळली. "तिथे पांढरट डाग होते, काका. फोटोत वाईट दिसत होते. म्हणून कार्ड तिथे लावलं."

तिने कार्ड वर उचलले. डाग नव्हते. चार ओळी होत्या, उजवीकडे चढत गेलेल्या. फलक पासष्ट वर्षे नाक्याजवळच्या वाचनालयाच्या कोरड्या अडगळीत भिंतीकडे तोंड करून उभा होता, आणि साखरेने आपले काम चोख बजावले होते. चौकटीच्या लाकडावर मुंग्यांच्या वाटेची बारीक रेघसुद्धा होती, किंवा मला ती दिसली.

पहिल्या तीन ओळी मृणालने मोठ्याने वाचल्या. 'वामनगुरुजी गेले. काल दुपारी. टोकाची खोली.'

वर डावीकडे तिथीची जागा मोकळी होती.

"बघ," मी बंडूला म्हणालो. "हेच अक्षर, हाच चढ. माणूस स्वतःच्या जाण्याची बातमी लिहीत नाही."

बंडू इतक्यात हरणारा नव्हे. "अरे, त्या एका दिवशी दुसऱ्यानं लिहिलं असेल! गुरुजी गेल्यावर कुणीतरी तो लिखेगा ही. उससे क्या होता है?"

मी उत्तर देणार तोच अक्का पुढे आली. ती एवढा वेळ खुर्चीवर बसून, रंगाचा जो डबा रविवारसाठी आणून ठेवला होता त्याच्याकडे पाहत होती. तिने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले काहीतरी काढले आणि सोडवले. ते ओले फडके होते. घरून निघतानाच भिजवून आणलेले.

मी तिचे मनगट धरले.

"अक्का, हे एकच उरलंय."

"ठाऊक आहे."

"हे पुसलंस तर तू लिहीत होतीस याला कागदाचा कपटासुद्धा पुरावा राहणार नाही. रविवारी पाटी लागेल. मग कायमची."

"लागू दे. पुरावा तुला पाहिजे रे. मला कधी पाहिजे होता?" तिने माझ्याकडे पाहिले नाही, ती कोपऱ्याकडे पाहत होती. "पासष्ट वर्षं झाली. माणूस अजून तेरा दिवसांतच अडकलाय."

मृणालने मोबाइल वर उचलला होता. अक्का म्हणाली, "नको ग बाळा. याचा फोटो नसतो काढायचा." मृणालने तो खाली केला. माझ्या आयुष्यात कुणाच्या आज्ञाधारकपणाचा मला इतका राग आला नव्हता.

इथे मला थांबून एक गोष्ट कबूल केली पाहिजे, कारण दुसऱ्यांची खोटी विधाने खोडणाऱ्याने स्वतःचे मौन झाकून चालत नाही. तो फलक त्या दिवशी नाक्यावर तासभरसुद्धा राहिला नाही. पहाटे तो मी आणि अक्काने मिळून नेला होता. तिने स्वतः आकड्यांना अडकवला, नाक्यावर, सर्वांच्या देखत. माणसे जमली, वाचली, आणि नेहमीसारखी बोलली नाहीत. कुणीतरी वडिलांना सांगितले. ते आले. त्यांनी चारही ओळी वाचल्या आणि मला एवढेच म्हणाले, "उतरव." एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी. उजवी बाजू माझ्याकडे होती. आम्ही फलक वाचनालयाच्या अडगळीत नेला आणि त्याचे तोंड भिंतीकडे केले. कोपरा अजून पुरता वाळला नव्हता. माझा अंगठा त्यावर घासला. घरी परतताना मी तो चाटला. गोड होता. त्या चवीची मला आजही लाज वाटते.

नाक्यावर पुन्हा फलक लागला नाही. त्याच वैशाखात अक्काचे लग्न होऊन ती उज्जैनला गेली. वडील कधी त्याविषयी बोलले नाहीत, आणि मीही नाही. भिंतीवरचे आकडे मात्र बरीच वर्षे होते. मी सायकलने कॉलेजला जाताना त्यांच्याकडे न पाहण्याची सवय लावून घेतली. नंतर मिल थांबल्या, भोंगे गेले, कुणाच्या भुवयांवर कापूस बसेनासा झाला. वाचनालयाची इमारत पाडताना फलक सापडला आणि मंडळाकडे आला, तेव्हा ही बातमी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाचून मी पहिला विचार केला तो कोपऱ्याचा. त्याच ग्रुपवर आता आमच्या समाजातल्या निधनवार्ता येतात. हात जोडलेली चित्रे येतात, आणि तासाभरात ती बातमी पोह्यांच्या फोटोंमुळे वर सरकून जाते. अक्का एकदा माझ्या खांद्यावरून पाहत म्हणाली होती, "इथे कोण पुसतं रे?" मला तेव्हा तो प्रश्न म्हातारपणाचा वाटला होता.

मी तिचे मनगट सोडले.

तिने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. हात ओळीच्या चढावरूनच गेला. ओल्या फडक्याखाली अक्षर आधी नाहीसे झाले, मग जरा वाळताच पुन्हा पांढरे डोकावले. तिने पुन्हा पुसले. तिसऱ्या ओळीपाशी ती थांबली, फडके पिळले. तोच आवाज. बंडूने नकळत टोपी काढली. तोही त्याच लाइनीत वाढलेला, अंगाला ते आठवत असणार. चौथ्या ओळीवर तिने सर्वांत जास्त वेळ घेतला. मग फडक्याची घडी करून पिशवीत ठेवली आणि प्यायला पाणी मागितले.

"झालं!" बंडू टोपी पुन्हा घालत म्हणाला. आवाज मात्र मघासारखा चढा नव्हता. "अब क्या दाखवशील भिया? होतं ते पण गेलं."

मृणाल पाणी घेऊन आली आणि अक्काजवळ जमिनीवरच बसली. "आजी, खडू किती वेळ भिजवायचात?"

"रात्रभर. आणि साखर दोन चमचे. जास्त झाली तर खडू मोडतो."

साऱ्या मंडळाने आजवर विचारलेला हा पहिला योग्य प्रश्न होता, आणि उत्तर देऊ शकणारी व्यक्ती दालनात एकच होती. गुरुजींच्या नऊ साक्षीदारांना तो विचारून पाहा.

शनिवारच्या बैठकीत हे लिखाण वाचले जावे, अशी माझी मागणी आहे. आता कोपरा कोरा आहे, आणि त्यावर रविवारचा काळा रंगही बसेल. बंडूचा प्रश्न तसाच आहे: त्या एका दिवशी कुणीही लिहिले असेल, त्याने काय होते? तर मृणालने मोठ्याने न वाचलेली चौथी ओळ मी इथे लिहितो. ती आम्ही चौघांनीही पाहिली आहे. वामनगुरुजींना जगात कुणी नव्हते, हे सगळा परदेशीपुरा जाणत होता. त्या ओळीची जागा मोकळी राहिली असती तरी कुणी विचारले नसते. ती मोकळी नव्हती. 'घरचे' या शब्दापुढे, बोटभर वर चढलेले, आणि कडेला तेरा वर्षांच्या माझ्या अंगठ्याने जरासे फिसकटलेले, एक नाव होते: वत्सला.